बर्फावरचा बंब

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की कुठल्याही गोष्टीचं झाकण उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. खरंच आहे ते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून दाखवणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि मोडता मोडता ते मुळात चालत कसं होतं हे कळतं, त्यातच खरी मजा. पण स्वतःच्या हातानं काही बनवलं, तेही लोखंडाचं, तेही आत आग पेटवून शेजारी बसायचं, असं आयुष्यात एकदाच. लोकांना सांगताना मी सांगते की बाबांना हौस म्हणून केलं. हौसबिस काही नाही. बाबांना अडकवून ठेवायला केलं.

बाबा आमच्याकडे मिनेसोटात आले ते आई गेल्यानंतर वर्षभरानं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावी ते एकटेच राहत होते. एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दूधवाल्याला संशय येऊन त्यानं मागच्या दारानं आत डोकावेपर्यंत तिथंच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण इकडे माझं डोकं फिरलं. मिळालं त्या विमानानं गेले आणि त्यांना घेऊनच आले. ग्रीनकार्डाचं काम आधीच झालेलं होतं, तेवढं बरं. पण विमानात पट्टा बांधता बांधताच त्यांनी मला बजावलं, "हे बघ, शिमग्यापर्यंत राहतो. शिमग्याला घर बंद नको."

कोकणाबाहेरच्या माणसाला यातली गोम कळायची नाही. शिमग्याला गावच्या देवीची पालखी घरोघर येते. दार उघडं असलं की अंगणात टेकते, घरची बाई ओटी भरते, गाऱ्हाणं होतं. दाराला कुलूप असलं की पालखी पुढच्या घरी जाते. कुणी रागावत नाही, कुणी बोलत नाही, नुसती पुढे जाते. बाबांच्या आयुष्यात ती आमच्या दारावरून अशी कधी गेलेली नव्हती.

"आणि शिमगा झाल्यावर?" मी विचारलं.

"झाल्यावर काय? मग तिथंच."

तिथंच. म्हणजे त्याच घरात, त्याच न्हाणीघरात, एकटे. मला रागही आला आणि भीतीही वाटली. पण विमानात भांडायचं नाही असं ठरवून मी डोळे मिटून घेतले. हातात थंडीचे महिने होते. तेवढ्यात त्यांचं मन इथं रमवायचं, असा मी चंग बांधला.

आधी आम्ही पार्सिपनीला, आपल्या लोकांनी भरलेल्या गावात होतो तेव्हा आई-बाबा एकदा सहा महिने येऊन गेले होते. तिथं रमणं सोपं होतं. पार्कातल्या बाकांवर कुणाचे ना कुणाचे आईवडील बसलेले असायचे, राजकारणापासून गुडघ्यांपर्यंत सगळ्यावर चर्चा व्हायची. नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही इकडे आलो. इथं थंडीत बाकच दिसत नाहीत, बर्फाखाली जातात. बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसत. काय बघताय विचारलं तर म्हणत, "काय नाय गो." जेवायला काय करू? "काय पण कर." टीव्ही लावू? "लाव." ज्या माणसानं लहानपणी मला घड्याळ उघडून दाखवलं होतं, तो माणूस एक प्रश्न म्हणून विचारेना. मला त्याचीच धास्ती वाटायची. थंडीबिंडी ठीक आहे, कपडे घालता येतात.

मग एकदा डॉक्टरकडून येताना गाडी तळ्याच्या कडेनं चालली होती. तळं गोठून पांढरं सपाट झालेलं, आणि त्यावर रंगीबेरंगी खोपटी.

"ते काय गो? लोक राहतात तिथं?"

मी गाडी बाजूला घेतली. एवढा प्रश्न विचारला म्हणून त्या माणसाला मिठी मारावी असं झालं मला. म्हटलं, "बाबा, ते मासे पकडतात. बर्फाला भोक पाडायचं, खाली पाणी असतं, त्यात गळ सोडायचा."

बाबांनी काच खाली केली. बाहेरचं वारं सुरीसारखं आत आलं. "बर्फाखाली मासे जिवंत असतात? आणि श्वास कसा घेतात मग?"

बाबा पोस्टात होते, पण त्यांचा खरा जीव खाडीवर. रविवारी गळ घेऊन गेले की भरती-ओहोटी बघून परत यायचे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. घरी येऊन दोघांनी मिळून शोधलं. जड पाणी तळाशी बसतं, ते गोठत नाही, मासे तिथं संथ होऊन राहतात. बाबा जेवताना पण तेच बोलत होते. नवरा माझ्याकडे बघून नुसता भुवया उडवत होता.

पहिल्यांदा गेलो ते भाड्यानं घेतलेलं कापडी खोपट आणि गॅसचा हीटर घेऊन. तिथल्या माणसानं गिरमिटानं भोक पाडून दिलं. बाबा त्या भोकात वाकून वाकून बघत राहिले. विहिरीत बघतात तसे. पण तासाभरात त्यांचं डोकं दुखायला लागलं. मी घाबरून पडदा उघडला, हीटर बंद केला, तशी थंडी आत घुसली. बाबा कुरकुरले, "अंग तापलं, पण ऊब नाय आली. जाळ दिसाय नको?"

घरी आल्यावर मी शोधायला बसले, आणि बघते तर तंबूत, बर्फावरच्या खोपटात लावायच्या लाकडाच्या शेगड्यांचं इथं एक अख्खं जग आहे. नळीवाल्या, पाय घडी होणाऱ्या, पाठीवर न्यायच्या. आणि निम्मे लोक त्या घरीच बनवतात! नवरा म्हणाला, "यार, ऑर्डर कर ना सरळ. दोन दिवसांत येईल." मी फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, फोन नाकाशी धरून बघितला.

"हा आपला पाणी तापवायचा बंबच की. डबा नि नळी. त्यात काय विकत घ्यायचं? आपण करू."

आपण! आल्यापासून बाबांच्या तोंडी "मी जातो" नि "तुम्ही जा" एवढंच होतं. मी तो "आपण" घट्ट पकडला आणि नवऱ्याला म्हटलं, ऑर्डर कॅन्सल. तो म्हणाला, अगं केलीच कुठंय. म्हटलं, तरी कॅन्सल.

डब्यासाठी लोक सैन्याच्या जुन्या मालातला काडतुसांचा रिकामा डबा वापरतात. जाड पत्रा, घट्ट झाकण, वर उचलायला कडी. असला माल विकणाऱ्या दुकानात मी आणि बाबा गेलो. मी आधीच त्यांना दम दिला होता, की दुकानात बंब हा शब्द मोठ्यानं काढायचा नाही. आपल्यासारखी दोन माणसं, हातात काडतुसांचा डबा आणि तोंडात बंब बंब, नको रे बाबा! बाबांना ते इतकं आवडलं, की काउंटरवरच्या माणसासमोर त्यांनी मुद्दाम माझ्या कानाशी येऊन "बंब" म्हटलं आणि आपणच हसले. त्या माणसानंही हसून मान डोलावली. काय कळलं त्याला कोण जाणे.

नळी घेताना आमचं पहिलं भांडण झालं. दुकानात दोन तऱ्हेच्या होत्या, एक चकचकीत चांदीसारखी आणि एक काळी. बाबांना चकचकीत हवी. "गंजायची नाय." मी फोनवर वाचलं, चकाकी म्हणजे वर जस्ताचा मुलामा, आणि तो तापला की त्याचा धूर अंगाला बाधतो. बाबा म्हणाले, आपल्या बादल्या नव्हत्या का जस्ताच्या, जन्मभर आंघोळ केली. म्हटलं बाबा, बादलीखाली जाळ केला होता का कधी? त्यावर त्यांनी काळी नळी उचलून ट्रॉलीत ठेवली आणि बिलापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मग गॅरेज. गाडी बाहेर बर्फात गेली, नवरा रोज सकाळी काच खरवडता खरवडता आमच्या नावानं खडे फोडायला लागला. आत मी आणि बाबा. झाकणाचं रबर काढलं, नाहीतर तापल्यावर घाण वास सुटला असता. अरुंद बाजूला चौकोन कापून दार केलं, बिजागरी बोल्टनं बसवली. दाराला भोकं पाडून त्यावर सरकती पट्टी लावली, हवा कमीजास्त करायला. मागच्या बाजूला वर नळीसाठी गोल कापायचं होतं. कंपास मिळेना, तर बाबांनी खिळा, दोरा आणि पेन्सिल घेऊन आखलं. कापताना मात्र माझा हात हलला आणि भोक जरासं बटाट्यासारखं झालं. बाबा म्हणाले, "असू दे, धुराला गणित नाय येत."

जाळीवरून पुन्हा वाद. बाबांना आत खाली जाळी हवी, शेगडीला असते तशी, वारा खालून लागला पाहिजे. मी वाचलेलं असं, की लाकडाला जाळी लागत नाही, ते राखेवर चांगलं जळतं. ते ऐकेनात, मी ऐकेना. शेवटी म्हटलं, "बाबा, टेस्टरच्या घरात वाद घालायचा नसतो. टेस्ट करायची असते." मागच्या अंगणात बर्फात डबा ठेवला, एकदा जाळी घालून पेटवलं, एकदा काढून. पहिल्यांदा पेटवला तेव्हा डब्याच्या रंगाचा असा काही धूर निघाला, की शेजारी कुंपणाशी येऊन बार्बेक्यू आहे का म्हणून विचारून गेला. पण तेवढ्यासाठीच पहिली आग बाहेर करायची असते, रंग जळून जायला. जाळीवर लाकूड भडाभडा जळून गेलं. राखेवर हळू, शांत, कितीतरी वेळ. बाबा उकिडवे बसून दाराच्या भोकांतून आत बघत होते. नाक लाल झालेलं, कानटोपी वर सरकलेली. "म्हणजे कोळशाला वारा लागतो आणि लाकडाला गादी," ते म्हणाले, आणि जाळी स्वतःच उचलून कचऱ्यात टाकली.

नळीचे तुकडे जोडायचे राहिले होते. दुकानातल्या नळीच्या प्रत्येक तुकड्याचं एक टोक साधं असतं आणि दुसऱ्या टोकाला बारीक चुण्या, साडीच्या निऱ्यांसारख्या. चुण्यांमुळे ते टोक जरा आवळलेलं असतं, ते दुसऱ्याच्या साध्या टोकात जातं. चुण्या वर ठेवायच्या की खाली, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी कुणालाच पडला नाही. मला, जिला सगळे प्रश्न पडतात तिला, पडला नाही! बाबांनी खालच्या तुकड्याच्या चुण्या वर केल्या, वरचा तुकडा टोपीसारखा त्यावर बसवला. मी पुढचा दिला. कौलं अशीच लावतात. पन्हळीचे पत्रे असेच जोडतात. वरचं खालच्यावर, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. आमच्याकडच्या पोराला हे कुणी शिकवत नाही, ते त्याला येतंच.

तंबू जुना कॅनव्हासचा मिळाला, छताला नळीपुरतं भोक आणि भोवती न जळणारं कापड शिवलेला. आत लावायला विषारी वायूचा अलार्म घेतला. तंबूचा वरचा झरोका कायम उघडा, आणि पेटत्या शेगडीजवळ डुलकीसुद्धा काढायची नाही, हे नवऱ्यानं आम्हा दोघांकडून वदवून घेतलं, शाळेतल्यासारखं.

निघताना बाबांना नवीनच शंका. "गो, आपण बर्फावर आग करणार. बर्फ वितळून आपण खाली नाय जाणार?"

मलाही आतून तीच भीती होती, पण मी शोधून ठेवलं होतं. डब्याला उंच पाय, पायांखाली फळी, उष्णता वर जाते. "आणि बर्फ हातभर जाड आहे बाबा, लोक त्यावर ट्रक उभे करतात." बाबा बघतो म्हणाले. आणि खरंच, शेगडी लाल व्हायला लागली तशी ते दर थोड्या वेळानं हातमोजा काढून फळीखाली हात घालून बघायचे. "गार आहे!" असं सांगायचे, जणू त्यांनीच ते घडवून आणलं होतं.

काय छान दिवस होता तो! बाहेर वारा तंबू ओढत होता, आत आम्ही कोट काढून नुसत्या स्वेटरवर बसलो होतो. लाकडाचा वास, भोकातलं काळं पाणी, त्यात सोडलेली दोरी. बाबांनी अंगात आईनं विणलेला पांढरा स्वेटर घातला होता. ते मला खाडीतल्या बोयऱ्या माशांच्या गोष्टी सांगत होते, मी चहा करत होते. आणि तेवढ्यात वरून काहीतरी टपकलं. काळं, चिकट. मग आणखी. नळीच्या प्रत्येक जोडातून काळे ओघळ बाहेरून खाली येत होते, आणि तंबूच्या उतरत्या छतामुळे आम्ही नळीला इतके खेटून बसलो होतो की बाबांच्या खांद्यावर, छातीवर स्वेटर काळा होऊन गेला होता. मी रुमालानं पुसायला गेले, ते आणखी पसरलं.

बाबांनी माझा हात बाजूला केला. "राहू दे," म्हणाले. आणि जरा वेळानं, "चल घरी."

घरी मी भांड्यांचा साबण, खायचा सोडा, काय काय लावून बघितलं. काळ्याचं तपकिरी झालं, त्यापुढे हलेना. बाबा आपल्या खोलीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "तिकीट बघ. शिमग्याच्या आधीचं."

झालं. माझा तोलच गेला. काय काय बोलले मी! एका डागासाठी? तिकडे पडलात तर कोण बघणार आहे, दरवेळी दूधवाला येणार आहे का? आई असती तर तिनं पाठवलं असतं का तुम्हाला? ते शेवटचं बोलायला नको होतं. बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आई असती तर घर बंदच नसतं." मी गॅरेजमध्ये गेले आणि दार आपटलं.

आणि रागाच्या भरात त्या नळीचा छडा लावायला बसले. मला दुसरं काही येतच नाही, राग आला की मी काहीतरी उघडते. नळी मांडीवर घेऊन बघत होते. आत काळी साय धरलेली, जोडापाशी बाहेर ओघळ. हे पाणी आलं कुठून? बाहेर पाऊस नाही. इथल्या थंडीत बर्फ पडतो तोही कोरडा, पिठासारखा, झटकला की जातो. मी बसल्या बसल्या मोठ्यानं म्हणत होते, "कुठून आलं? कुठून आलं?"

"लाकूड ओलं होतं."

दारात बाबा उभे होते. कानटोपी घातलेली, हात पाठीशी. भांडायला आले नव्हते, त्यांनाही राहवलं नव्हतं एवढंच.

"ओलं होतं," मी म्हटलं, "पण ते आत जळत होतं. पाणी बाहेर का?"

बाबा उकिडवे बसले. बोट लावून वास घेतला. "डांबर." नळी उजेडाकडे धरून आत बघितलं. मग म्हणाले, "भाताच्या झाकणाला आतून पाणी धरतं, तसं धरलं असणार. धुरात वाफ असते. वर नळी थंडगार, तिथं तिचं पाणी होतं आणि आतूनच खाली येतं."

"मग आत डब्यात का नाही पडलं?"

बाबांनी मला नळी उभी धरायला सांगितली, जशी तंबूत होती तशी, आणि चहाची किटली घेऊन आले. वरून आत पाण्याची धार सोडली. पहिल्या जोडाशी पाणी आलं आणि आतल्या चुण्यांच्या बाहेरून, दोन तुकड्यांच्या फटीतून सरळ माझ्या हातावर. बाबांचे डोळे मोठे झाले. "उलटी कर." मी अख्खी नळी उलटी केली, चुण्या खाली. वरचा तुकडा आता खालच्याच्या पोटात शिरलेला. पुन्हा धार. पाणी आतल्या आत उतरत गेलं आणि खाली बादलीत पडलं. बाहेरून जोड कोरडा ठणठणीत.

बाबा मटकन खालीच बसले आणि हसायला लागले. "अगो, म्हणजे इथं पाऊस आतून पडतो! आणि आपण बाहेरच्या पावसाची तयारी करून बसलो!"

हसता हसता मला रडूच यायला लागलं. अख्ख्या मिनेसोटात ही चूक करणारी दोनच माणसं असतील, आणि ती दोन्ही आमच्या गावची होती. नवरा काय झालं म्हणून धावत आला, त्याला सांगितलं, तर तो सोलापूरकडचा माणूस, म्हणे, "मग यात हसण्यासारखं काय आहे?" त्यावर बाबा आणखीच हसले. तिकिटाचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. मीही नाही काढला. पण शिमगा जवळ येत होता आणि मला कळत होतं की एक नळी उलटी केल्यानं माणूस थांबत नाही.

पुन्हा गेलो ते थंडी उतरणीला लागल्यावर. या खेपेला लाकूड ओकचं, वाळलेलं, बाबांनी एकेक तुकडा दुसऱ्यावर वाजवून निवडलेलं. नळीच्या चुण्या खाली. आग पेटवून आम्ही आधी नळीकडेच बघत बसलो, गळ सोडायचंही सुचेना. टपकलं नाही. बाबांनी हातमोजा काढून जोडाजवळ हात नेला, चटका बसेल एवढा जवळ, आणि तो कोरडा आहे असं मला दाखवलं. मग गळाला दोन पर्च मासे लागले. तळहाताएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे. घरून नेलेलं तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून मी ते डब्याच्या झाकणावर तव्यात टाकले. तंबूभर आमच्या स्वयंपाकघराचा वास झाला.

बाबा चिमट्यानं मासा उलटत होते. "पुढच्या वर्षी दार जरा मोठं करू," ते म्हणाले. "एवढंसं लाकूड फोडायला लागतं. आणि काच बसवता आली तर बघ. जाळ दिसेल."

पुढच्या वर्षी. चालत्या गोष्टीला उगाच हात लावू नये, हे मला कामातूनच कळलेलं. पण मीच ती. राहवलं नाही.

"आणि शिमगा?"

"फोन केला परवा," बाबा म्हणाले. त्यांचा चुलतपुतण्या मुंबईला होता, बायको-मुलांना घेऊन एका खोलीत. "त्याला म्हटलं, जा, घर उघड. पालखी घे. त्याची बायको ओटी भरेल. आणि एवढं जाताच आहात तर राहा की तिथंच. पोरांना शाळा आहे गावात. किल्ली तुझ्याकडेच ठेव म्हटलं. घर उघडं राहिलं म्हणजे झालं."

मला नाचायला हवं होतं. इतके महिने याच एका वाक्यासाठी मी काय काय केलं होतं. बाबा थांबणार होते, त्या न्हाणीघरात परत एकटे जाणार नव्हते, पालखीही दारावरून तशीच पुढे जाणार नव्हती. आणि मी विचारलं ते भलतंच.

"आणि मी गेले कधी गावी, तर?"

"जा की," बाबा म्हणाले. त्यांनी मासा माझ्या ताटलीत वाढला, मोठा होता तो. "फक्त त्याला आधी फोन करून जा. तुझी खोली त्याच्या पोरांना दिलीय."

मी मान हलवली. मासा गरम होता, चांगला झाला होता, बाबा आपल्या वाट्याचा काटे काढून मन लावून खात होते. मला हवं होतं ते सगळं माझ्यासमोर बसलं होतं, आणि मला घरी जायचं होतं, गावी, न सांगता, न विचारता.